मगदूमांची साडेसहाची हजेरी

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कोणी माणूस पाण्याच्या टाकीवर चढून पाइप बांधतोय, असं तळमजल्यावरच्या बाईंनी सांगितलं म्हणून मी वर गेले. टाकीवर पन्नाशी उलटलेला एक किडकिडीत माणूस उभा होता. पांढरा शर्ट, पँटचे पाय दुमडलेले, दातात चिकटपट्टीचा तुकडा. मी काही विचारायच्या आत त्यानं तो तुकडा काढून खाली हाक मारली, "अक्का, तेवढी ती तार धरा. ताणून धरा, सोडू नका."

मी धरली. अर्धा तास धरली. मग तो माणूस खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "मी मगदूम. जिनगोंडा मगदूम. तिसऱ्या मजल्यावर कालच आलोय."

"आणि हे काय आहे?"

"सीबी."

कोल्हापुरात सीबीएस म्हटलं की रिक्षावाला सरळ एसटी स्टँडवर नेऊन सोडतो. मी तेच विचारलं, स्टँडचं काय? मगदूमांनी एक सुस्कारा टाकला. तो सुस्कारा पुढे मी पुष्कळदा ऐकला. ज्याला त्याला समजावून सांगून दमलेल्या माणसाचा तो सुस्कारा होता. पण समजावून सांगायचं त्यांनी कधी टाळलं नाही. गच्चीच्या कठड्यावर बसवून त्यांनी मला सांगितलं की रेडिओच्या लहरींमधला एक छोटासा पट्टा साध्या माणसांसाठी मोकळा ठेवलाय. परीक्षा नाही, परवाना नाही. सेट घ्यायचा, तार उभी करायची, बटण दाबून बोलायचं. बोलून झालं की बटण सोडायचं, मग समोरच्यानं बोलायचं.

"फोनवर दोघंबी एकदम बोलत्यात," ते म्हणाले. "हितं तसं चालत न्हाई. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं गप ऐकायचं. लोकांस्नी ह्येच जमत न्हाई बगा."

मी तेव्हा टेलिफोन खात्यात तक्रारींच्या टेबलावर होते. दिवसभर लोकांचं एकदम बोलणं ऐकून माझे कान किटलेले असायचे. मला त्यांचं पटलं, पण मी तसं बोलले नाही.

मगदूमांचं शाहूपुरीत मोटर वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी आणायच्या, आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वॉर्निश लावून वाळवायची. अंगाला कायम वॉर्निशचा वास. पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे यायचं ते त्यांच्या कानासाठी. मोटर चालू करायची, मगदूम डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, "मागचं बेअरिंग गेलंय. तार चांगली हाय, उगीच उपसू नका." उघडून बघितलं की तेच निघायचं. या कानाचा त्यांना अभिमान होता. बाकी कशाचा नव्हता.

घरी बंद केलेल्या गॅलरीत एका स्टुलावर त्यांचा सेट होता. गोव्याच्या एका बोटीवाल्याकडून घेतलेला, जाडजूड पुस्तकाएवढा. समोर चॅनलचा आकडा, एक छोटा काटा, आणि गुंडाळलेल्या दोरीसारख्या वायरला लटकणारा माइक. शेजारी गाडीची बॅटरी. लाइट गेली तरी सेट चालला पाहिजे हा त्यांचा नियम. पद्माक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या बॅटरीला 'धाकटी' म्हणायच्या. "मला ताप आला तर ह्यांस्नी दुपारी कळतंय. धाकटीचं पाणी कमी झालं की झोपेत कळतंय."

रोज सकाळी साडेसहाला मगदूम हजेरी घ्यायचे. भरभराटीच्या दिवसांत चॅनलवर नऊ जण होते. नावं कोणी घ्यायची नाहीत, गावं घ्यायची. "हातकणंगले?" मग खरखर, आणि त्यातून एक आवाज, "हाय." "वडगाव?" "हाय." "कबनूर?" आणि मग कबनूरचा मोठा, छाती फोडून आलेला आवाज, "हाय की! कुठं जातोय!" हा कबनूर म्हणजे बाबालाल मोमीन. त्याचे आठ यंत्रमाग होते. चाळीस वर्षं त्या खटखटाटात काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं आणि तो सगळ्यांशीच आरडून बोलायचा. सेटला तो मोठे हेडफोन लावून बसायचा. हजेरी संपली की बाकीचे आपापल्या कामाला लागायचे, पण राजारामपुरी, म्हणजे आमचे मगदूम, आणि कबनूर अर्धा तास बोलत राहायचे. सुताचा भाव, पाण्याची पाळी, पद्माक्काचे गुडघे, बाबालालच्या सुनेचं बाळंतपण. मी पलीकडच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालताना सगळं ऐकायची. सेटवर चोरून ऐकण्यासारखं काही नसतंच, ते सगळ्यांसाठीच असतं. अकरा वर्षांत ते दोघं समोरासमोर चारेक वेळाच भेटले असतील. भेटले की त्यांना बोलायला सुचायचं नाही, असं पद्माक्का सांगायच्या.

एकदा दुपारी मगदूमांनी माझं दार वाजवलं. हातात पेढ्यांचा पुडा. सूर्यावर काहीतरी वादळं झाली की या सेटवर कधी कधी परदेशातले आवाज येतात, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. त्या दिवशी एक आवाज आला होता. कुठल्या देशाचा, कुठली भाषा, काही कळलं नाही. मगदूमांनी बटण दाबून तीन वेळा 'कोल्हापूर' म्हटलं. पलीकडून तो माणूस थोडा थांबला आणि म्हणाला, "कोलापूर?" मग आवाज गेला.

"काय म्हणाला त्यो?" पद्माक्कांनी विचारलं होतं.

"काय म्हाईत. पण ऐकू गेलं की त्येला."

एवढ्यासाठी पेढे. मी हसले. आता वाटतं, हसायला नको होतं.

मगदूमांचं एक म्हणणं होतं, ते त्यांनी सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये सांगितलं असेल. गच्चीवरच्या पाइपमुळे टीव्हीवर मुंग्या येतात, डोकं दुखतं, केस गळतात अशा तक्रारी निघायच्या. मगदूम उभे राहायचे आणि शांतपणे म्हणायचे, "एक दिवस तुमचे फोन बंद पडतील. त्या दिवशी ह्यो चालंल." लोक माझ्याकडे बघायचे. फोन खात्याची मीच. मी खाली मान घालायची.

तो दिवस आला. नदीला पाणी किती चढलं होतं हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्यांत पाणी होतं, मगदूमांच्या दुकानातही कमरेइतकं. राजारामपुरी उंचावर म्हणून कोरडी. दोन दिवस लाइट नव्हती, मोबाइलचे टॉवर डिझेल संपून एकेक करून गप झाले. जमिनीखालच्या तारांवरचे काही जुने फोन तेवढे चालू होते. मगदूमांच्या घरचा त्यातला एक. माझ्या ऑफिसात मदत केंद्राला थेट लागणारी एक लाइन होती, म्हणून मी घरी न जाता तिथेच बसून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मगदूमांचा फोन आला. आवाजात एक चढ होता, जो मी कधी ऐकला नव्हता. "अक्का, लिहून घ्या. कबनूरचा निरोप हाय." नदीकाठच्या एका गावात, मळ्यातल्या घरातली तीन माणसं अडकली होती. म्हातारा, म्हातारी, सून. त्यांचा एक नातेवाईक ट्रॅक्टरवरून कसाबसा कबनूरला पोहोचला होता, त्यानं बाबालालला सांगितलं, बाबालालनं सेटवर मगदूमांना. "तिघंबी शाळंवर हायत. नाव पाठवा म्हणावं."

"शाळेवर? गावातल्या शाळेच्या गच्चीवर?"

"व्हय, शाळंवर."

"नक्की ना?"

"अक्का, माझ्या कानानं ऐकलंय."

मी लिहिलं, 'शाळेवर', आणि मदत केंद्राला लाइनवर वाचून दाखवलं. नाव गेली. शाळेच्या गच्चीवर कोणी नव्हतं. आधीच कोणीतरी नेलं असेल असं समजून नाव पुढच्या गावाला गेली.

ती माणसं माळ्यावर होती. मळ्यातल्या आपल्याच घराच्या माळ्यावर, कौलांच्या खाली. माळ्यावर आणि शाळंवर. चार तासांनी दुसऱ्या एका नावेला कौलांतून बाहेर आलेलं लाल लुगडं दिसलं. तिघांनाही जिवंत काढलं. म्हातारा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं, सांगता येत नाही.

कोणीही मगदूमांना बोल लावला नाही. ज्यांना कळलं ते म्हणाले, बाबालाल बहिरा, त्यानंच चुकीचं सांगितलं असणार. मगदूम हे कोणालाही बोलू द्यायचे नाहीत. "त्यो बरोबर बोलला. माझा कान चुकला." आणि बाबालाल सेटवरून ओरडून सांगायचा, "माझ्याच तोंडातनं शाळा गेली असंल रं! मलाच धड ऐकू आलं न्हवतं!" दोघंही रोज सकाळी ही चूक आपल्याकडे ओढत राहिले. मी शेजारच्या गॅलरीत उभी असायची. निरोप कागदावर तर मीच लिहिला होता. आणखी एकदा विचारायला काय झालं होतं, हे मी स्वतःला अजून विचारते.

पाणी उतरल्यावर मगदूम माझ्या दारात आले. "अक्का, त्या घरी जायचंय. येतासा?" आम्ही एसटीनं गेलो. गावाच्या फाट्यावर बाबालाल मोपेड घेऊन उभा होता. आवाजावरून मी त्याला दांडगा समजत होते. तो मगदूमांपेक्षाही बारीक निघाला. दोघांनी एकमेकांना नुसती मान हलवली.

घराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. सून दारात भांडी घासत होती. म्हातारी आत पडून होती. मगदूम उभ्या उभ्याच बोलले. रेडिओ काय, निरोप कसा आला, कोण कुठे चुकलं, सगळं. बाबालालला त्यातलं निम्मंही ऐकू आलं नसेल, पण तो शेजारी हात बांधून उभा होता. तिचं घासणं थांबलं नाही. बोलून झाल्यावर ती म्हणाली, "शाळंकडनं नाव जाताना दिसली आमास्नी. हाका मारल्या. मामांनी लई हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात गेलं न्हाई ऐकू."

मग तिनं हात धुतले. "बसा. चा टाकते."

तो चहा आम्ही प्यायलो. नको म्हणण्याची हिंमत कोणात नव्हती. परतताना एसटीत मगदूम खिडकीकडे तोंड करून बसले होते. हातकणंगल्याला बस थांबली तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "म्हातारा हाका मारत हुता."

त्यानंतर मगदूम सगळं दोनदा बोलायला लागले. सेटवर तर झालंच, पण भाजीवाल्याकडेही. "अर्धा किलो वांगी. अर्धा किलो वांगी." पद्माक्का मला म्हणाल्या, "चा कर, चा कर म्हणत्यात. मी एकदाच करते." पण हसल्या नाहीत. दुकान धुऊन पुन्हा सुरू झालं, तिथे त्यांनी मोटर ऐकायचं सोडून दिलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मगदूम, जरा कान लावा की." ते म्हणायचे, "उघडून बगूया." प्रत्येक मोटर ते उघडून बघायचे. कामाला दुप्पट वेळ लागायचा. जुनी गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे गेली.

पुरानंतर महिना-दोन महिने चॅनलवर गर्दी झाली. हौसेनं सेट घेतलेली नवी माणसं, गाणी लावणारी, एकमेकांच्या टोप्या उडवणारी. मगदूम त्यांनाही हजेरीत घ्यायचे. मग मोबाइल पहिल्यासारखे चालू झाले आणि ती सगळी मोबाइलवरच्या ग्रुपवर गेली. जुन्यांपैकी हातकणंगले वारलं. वडगावनं पाइप उतरवून मांडवाला वापरला. मगदूम त्यांची नावं गाळत गेले, आणि एक दिवस हजेरीत एकच गाव उरलं.

मी तोवर निवृत्त झाले होते. सकाळी उठायचं कारण नव्हतं, तरी साडेसहाला जाग यायची. एकदा मी विचारलं, "एकाच माणसाची हजेरी घेता. मोबाइलवर बोलत का नाही त्याच्याशी?"

"मोबाइलवर त्येला ऐकू येत न्हाई."

"आणि याच्यावर?"

त्यांनी वळून सेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "ह्याच्यावरबी न्हाई."

बाबालालचे कान पूर्ण गेले होते. हेडफोन लावून, आवाज शेवटपर्यंत फिरवूनही काही पोहोचत नव्हतं. सहा महिने झाले होते त्याला. पण समोरचा बटण दाबतो तेव्हा, तो काही बोलो न बोलो, आपल्या सेटवरचा काटा वर उचलला जातो. ते बाबालालला दिसायचं. तेव्हा बाबालाल बोलायचा आणि मगदूम नुसतं बटण दाबायचे. एकदा दाबलं तर हो. दोनदा दाबलं तर नाही. त्यासाठी बाबालालनं प्रश्न तसेच विचारायला शिकून घेतलं होतं.

मी मग एका सकाळी त्यांच्या गॅलरीत जाऊन बसले. बाबालालचा आवाज आता कसाही वरखाली जायचा, स्वतःचंच बोलणं ऐकू येत नसलेल्या माणसाचा जातो तसा. "जेवण जातंय का?" मगदूमांनी एकदा दाबलं. "वैनीचं पाय बरं हायत?" दोनदा. "दवाखाना केला?" एकदा. "काटा हलला. बरं." मध्येच तो आपल्या मागांबद्दल सांगायचा. सहा विकले, दोन उरलेत, तेही पोरगा भंगारात घालायचं म्हणतोय. मगदूम काहीच न दाबता ऐकत राहायचे. डोळे मिटलेले. मोटारीपुढे उभे राहायचे तसे.

पद्माक्कांची किडनी बिघडली तेव्हा पुण्याहून मुलगा आला. चांगला मुलगा. त्यानं आवाज न चढवता सांगितलं की आता दोघांनी इथे एकटं राहण्यात अर्थ नाही. दुकानाची जागा सोडली. घर भाड्यानं द्यायचं ठरलं. मगदूमांनी कशालाच नाही म्हटलं नाही. फक्त कबनूरला जाऊन सांगून येतो म्हणायचे. ह्या रविवारी, पुढच्या रविवारी. गेले नाहीत. शेवटी मीच बाबालालच्या सुनेला फोन करून सांगितलं, तिनं सासऱ्याला पाटीवर लिहून दाखवलं. मगदूमांना हे माहीत नव्हतं.

पुण्यात ते सात महिने होते. तिथल्या अकराव्या मजल्यावर पाइप लावायची परवानगी मिळाली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नसावी. मी फोन केला की म्हणायचे, "बरं हाय, अक्का. बरं हाय." पद्माक्का अजून आहेत. मगदूम एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

मला ते दिसतात ते निघायच्या सकाळचे. गाडी नऊला येणार होती. घरात खोकी बांधून ठेवलेली, पद्माक्का बाहेर जायची साडी नेसून खुर्चीत बसलेल्या. साडेसहाला मगदूम गॅलरीत जाऊन बसले. मी दारात उभी होते.

"राजारामपुरी," बाबालालचा आवाज आला. हजेरी आता तोच घ्यायचा.

एकदा.

"आज निघालास म्हणं?"

मगदूमांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी एकदा दाबलं.

"सेट न्हेतोस?"

दोनदा.

"बरं. तिकडं काय उपेग न्हाई म्हणा." थोडी खरखर. मग, "परत येणार न्हवं?"

मगदूमांचा अंगठा बटणावर होता. पद्माक्का त्यांच्याकडे बघत होत्या. बंद गॅलरीच्या काचेतून ऊन आत आलं होतं आणि त्यांच्या हातावरचे वॉर्निशचे जुने डाग दिसत होते. त्यांनी बटण एकदा दाबलं, बराच वेळ दाबूनच ठेवलं आणि मग सोडलं.

"हललं," बाबालाल म्हणाला. "हललं, हललं. मग झालं."

मगदूमांनी माइक हुकाला अडकवला आणि उठले. मुलाची गाडी लवकरच आली होती, खाली हॉर्न वाजला. त्यांनी पद्माक्कांना काखेत हात घालून उभं केलं. मी म्हटलं, "सेट बंद करायचा राहिला."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बॅटरी उतरंल आपोआप."

ते दोघं जिना उतरायला लागले. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. आतून बाबालालचा आवाज चालूच होता. उसाला पाणी दिलं का, कुणाच्या म्हशीला काय झालं, कबनूरच्या रस्त्याला परत खड्डं पडलं, असं काहीबाही तो सांगत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मगदूम थांबले. कठड्याला हात लावून, मान किंचित वर करून त्यांनी ऐकलं. मग पद्माक्कांचा हात पुन्हा नीट धरला आणि खाली उतरले.